तोंडी इंग्रजीची चौदा मिनिटे

आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेचे चार भाग असतात: ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे. पहिल्या तीन भागांना मिळून सुमारे अडीच तास लागतात. बोलण्याचा भाग ११ ते १४ मिनिटांत संपतो, पण एकूण निकालात चारही भागांचे वजन सारखेच असते. मराठी माध्यमातून शिकलेल्या उमेदवाराला सर्वांत जास्त धास्ती याच भागाची वाटते, आणि तयारीत सर्वांत कमी वेळही बहुधा यालाच मिळतो.

छत्रपती संभाजीनगरातून ही परीक्षा देणाऱ्यांत अभियांत्रिकी आणि फार्मसीचे पदवीधर असतात, वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत काही वर्षे काढून कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाचा विचार करणारे असतात, ब्रिटनमध्ये काम करू इच्छिणाऱ्या नर्सही असतात. प्रत्येकाची गरज वेगळी असते. गुण ९ पर्यंतच्या बँडमध्ये, अर्ध्या-अर्ध्या पायरीने दिले जातात. पदव्युत्तर प्रवेशासाठी अनेक विद्यापीठे सरासरी ६.५ किंवा ७ मागतात आणि एकाही भागात ६ च्या खाली घसरलेले चालवून घेत नाहीत. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर बोलण्यात ७ लागतात. त्यामुळे तयारी सुरू करण्याआधी आपल्याला नेमका किती बँड हवा, हे त्या संस्थेच्या संकेतस्थळावरून पाहून घ्यावे. ६ वरून ७ वर जायला लागणारे कष्ट ५ वरून ६ वर जाण्यापेक्षा वेगळ्या जातीचे असतात.

बोलण्याची भीती मराठवाड्यात अधिक का, याला इतिहासाचे कारण आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले तेच उर्दू माध्यम घेऊन. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये निघाले, मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये. इंग्रजी इथे वर्गात, क्रमिक पुस्तकात आणि प्रश्नपत्रिकेत राहिली, तर घरात आणि बाजारात मराठी व दखनी चालत राहिली. राज्य सरकारने जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले. त्याआधी ती पाचवीला भेटायची. पण पहिलीपासून शिकलेल्या मुलांनाही इंग्रजी ऐकायला आणि लिहायला मिळाली, बोलायला फारशी नाहीच. विषय इंग्रजीतून शिकून अभियंता झालेला तरुण पन्नास पानांचा प्रोजेक्ट रिपोर्ट इंग्रजीत लिहितो आणि ‘तुमच्या गल्लीविषयी सांगा’ म्हटल्यावर थांबतो. हा बुद्धीचा किंवा अभ्यासाचा दोष नव्हे. शहागंजात दुकानदाराशी दखनीत घासाघीस करून घरी मराठीत हिशेब सांगणारा माणूस रोजच भाषा बदलत असतो. इंग्रजीला त्याच्या तोंडात काम मिळालेले नसते, एवढेच. ते काम देणे म्हणजेच या भागाची तयारी.

बोलण्याच्या परीक्षेचे तीन टप्पे आहेत. काही केंद्रांवर परीक्षक समोर बसतो, काही ठिकाणी व्हिडिओ कॉलवर असतो. दोन्ही पद्धतींत तो प्रशिक्षित माणूसच असतो आणि सगळे संभाषण ध्वनिमुद्रित होते. पहिल्या टप्प्यात चार-पाच मिनिटे ओळखीचे प्रश्न येतात: घर, गाव, शिक्षण, काम, आवडीनिवडी. उत्तर दोन-तीन वाक्यांचे असावे. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून थांबले की परीक्षकाच्या हाती मोजायला काही लागत नाही, आणि पाच मिनिटांचे भाषण दिले तर तो मध्येच थांबवतो.

या टप्प्यावर संभाजीनगरच्या उमेदवाराला एक नेहमीची अडचण येते. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले, अनेकांच्या पासपोर्टवर जुने नाव आहे. कोणते सांगायचे? गुणांच्या दृष्टीने दोन्ही सारखीच, कारण इथे माहिती तपासली जात नाही. उलट हा प्रश्न म्हणजे चांगली संधी आहे. शहराला आधी काय म्हणत, आता काय म्हणतात, आपण घरी अजून कोणते नाव घेतो, हे तीन वाक्यांत सांगताना भूतकाळ, वर्तमानकाळ आणि कर्मणी प्रयोग आपोआप येऊन जातात, आणि उत्तर पाठ केलेलेही वाटत नाही.

दुसरा टप्पा क्यू कार्डचा. कार्डावर एक विषय आणि त्याखाली तीन-चार सूचना असतात. तयारीला एक मिनिट, कागद आणि पेन्सिल मिळते. मग एक ते दोन मिनिटे सलग बोलायचे. दोन मिनिटांनंतर परीक्षक थांबवतो, आणि बोलणे अर्धवट तुटले म्हणून काही बिघडत नाही. बिघडते ते चाळिसाव्या सेकंदाला शब्द संपले तर.

‘तुम्ही पाहिलेल्या एखाद्या ऐतिहासिक ठिकाणाविषयी सांगा’ असे कार्ड आले तर या शहराच्या उमेदवाराइतकी सामग्री फार थोड्यांकडे असते. वेरूळचे कैलास लेणे, अजिंठा, दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा, पाणचक्की, सगळे एका दिवसाच्या टप्प्यात. तरी अनेक जण इथेच अडकतात, कारण ते माहिती आठवू लागतात. कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात एकाच खडकातून, वरून खाली कोरत आणले, हे सांगितले तर चांगलेच. पण हे तीस सेकंदांत संपते, आणि ‘बेसॉल्ट’, ‘राष्ट्रकूट’ या शब्दांवर जीभ अडखळली तर ओघही जातो. त्यापेक्षा सहावीच्या सहलीत एसटीने तिथे गेलेला दिवस सांगावा. सोबत कोण होते, डबा कुठे बसून खाल्ला, मान मागे टाकून शिखर पाहताना काय वाटले, पावसाळ्यात पुन्हा गेल्यावर डोंगर कसा दिसला. अनुभवाला क्रम असतो, त्यामुळे पुढचे वाक्य शोधत बसावे लागत नाही. तयारीच्या मिनिटात कागदावर वाक्ये लिहू नयेत. पाच-सहा शब्द पुरतात: एसटी, बाई, डबा, हत्ती, पाऊस. प्रत्येक शब्दाने तीन-चार वाक्ये दिली की दोन मिनिटे भरतात.

तिसरा टप्पा पुन्हा चार-पाच मिनिटांचा. यात क्यू कार्डाच्याच विषयावरून चर्चा वर चढते. जुन्या वास्तू जपण्यावर सरकारने खर्च करावा का? पर्यटनाने गावाचे भले होते की नुकसान? इथे मत हवे असते, त्याचे कारण हवे असते, आणि दुसरी बाजूही दिसते आहे हे कळायला हवे असते. ६ आणि ७ बँडमधला फरक बहुतेक याच टप्प्यात उघड होतो. ज्याने इंग्रजीत कधी वाद घातलेला नाही तो ‘इट इज गुड’ म्हणून थांबतो. मुद्द्याला आधार म्हणून जवळचे उदाहरण असले की वाक्ये लांबतात. अजिंठ्याला खासगी गाड्या फर्दापूरच्या तिठ्यावर थांबवतात आणि तिथून पुढे बसने जावे लागते. लेण्यांजवळ धूर कमी व्हावा म्हणून ही सोय झाली, पण म्हाताऱ्या माणसांना चढउतार वाढला. एवढ्या एका उदाहरणात बाजू, प्रतिबाजू आणि स्वतःचे मत तिन्ही मावतात. पाण्याच्या प्रश्नावर बोलायची वेळ आली तर जायकवाडीसारखे मोठे धरण इतक्या जवळ असूनही शहरातल्या नळाला कित्येक दिवसांआड पाणी का येते, यावर इथल्या प्रत्येक घरात मराठीत चर्चा झालेली असते. तीच चर्चा इंग्रजीत एकदा करून पाहणे हा कोणत्याही गाईडबुकपेक्षा चांगला सराव आहे.

परीक्षक चार गोष्टी मोजतो आणि चारही सारख्या वजनाने: बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाची विविधता व अचूकता, आणि उच्चार. मत बरोबर की चूक, माहिती खरी की नाही, कपडे कसे, यांना गुण नाहीत. पाठांतराने या चारांपैकी फार काही साधत नाही. तरी उमेदवारांचा बराच वेळ त्यातच जातो. टेलिग्रामवर संभाव्य प्रश्नांच्या पीडीएफ फिरतात, त्यांत तयार उत्तरे असतात आणि मुले ती तोंडपाठ करतात. पाठ केलेले उत्तर अनुभवी परीक्षकाला दुसऱ्या वाक्याला ओळखू येते, कारण वेग एकदम वाढतो, डोळे छताकडे जातात आणि शब्द त्या माणसाच्या आधीच्या इंग्रजीशी जुळत नाहीत. मग तो प्रश्न थोडा वळवतो आणि डोलारा कोसळतो. प्रश्नांची यादी पाहण्यात गैर काही नाही. कोणकोणत्या विषयांवर आपण कधी तोंड उघडलेलेच नाही, हे तिच्यातून कळते. उत्तरे मात्र दर वेळी नव्याने बोलावीत.

शब्दसंपत्तीबद्दलही असाच गैरसमज आहे. जड शब्द आणि म्हणी पेरल्या की गुण वाढतात असे सांगितले जाते. प्रत्यक्षात नेमका शब्द लागतो. चक्कीत काम करणाऱ्या काकांविषयी बोलताना ‘दळणे’, ‘पीठ’, ‘पट्टा’, ‘गिऱ्हाईक’ यांचे इंग्रजी शब्द ठाऊक असणे हे आठवडाभर पाठ केलेल्या दहा म्हणींपेक्षा मोलाचे आहे. एखादा शब्द आठवला नाही तर वर्णन करून पुढे जाता येते, आणि ही हुशारी परीक्षेत गुणांचीच गोष्ट मानली जाते.

उच्चारांची बाब जरा खोलात जाऊन पाहण्यासारखी आहे. ब्रिटिश किंवा अमेरिकन ढब आणण्याची गरज नाही. मराठी वळणाचे इंग्रजी चालते, ऐकणाऱ्याला सहज समजले पाहिजे एवढीच अट. म्हणून कोणत्या गोष्टींनी समजण्यात अडथळा येतो तेवढ्या पाहाव्यात. ‘थिंक’ मधला थ मराठी थ सारखा निघाला तरी कोणाचा गोंधळ होत नाही. ट आणि ड जिभेचे टोक मागे वळवून निघाले तरी चालते. पण ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ लिहिण्यात असते, बोलताना मात्र इ-उ यांची लांबी बरीचशी शब्दातल्या जागेवर ठरते, त्यामुळे कानाला हा भेद राखायची सवय नसते. ‘आय लिव्ह इन सिडको’ मधला स्वर लांबला की सिडकोत राहणारा माणूस सिडकोत काहीतरी सोडून आल्यासारखा ऐकू येतो. मराठीत व एकच आहे, इंग्रजीत दोन आहेत. एकाला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्याला ओठ गोल होतात आणि दात लागत नाहीत. आरशासमोर ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ पन्नास वेळा म्हटले की फरक तोंडाला कळतो.

याहून मोठी अडचण आघाताची. मराठीत शब्दातली अक्षरे साधारण सारख्या जोराने येतात. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची दबतात. ‘फोटोग्राफ’ मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’ मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’ मध्ये तिसऱ्यावर. ‘हॉटेल’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याचा इंग्रजीतला जोर शेवटच्या भागावर असतो हे लक्षातच येत नाही. नवा शब्द शिकताना अर्थाबरोबर त्याचा जोर कुठे ते वहीत खूण करून ठेवावे. वाक्यातही महत्त्वाच्या शब्दावर जोर आणि किरकोळ शब्द हलके, ही लय सापडली की तेच इंग्रजी दुप्पट स्पष्ट ऐकू येते. उच्चाराच्या सरावाला थोडाच वेळ असेल तर तो आघाताला द्यावा, सुट्या ध्वनींना नंतर.

व्याकरणात मराठी बोलणाऱ्यांच्या काही चुका ठरलेल्या आहेत. मराठीत ‘अ’, ‘द’ सारखी उपपदे नाहीत, म्हणून ती गळतात. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय डिडन्ट वेन्ट’, ‘वुई डिस्कस्ड अबाउट इट’ ही वाक्ये रोज ऐकू येतात. मराठीतला ‘च’ इंग्रजीत ‘ओन्ली’ होऊन वाक्याच्या शेवटी बसतो. सगळ्या चुका एकदम धरू नयेत. ज्या दोन-तीन आपल्या तोंडात सर्वांत जास्त आहेत त्या शोधून महिनाभर फक्त त्यांच्यावर लक्ष ठेवावे. बोलताना चूक लक्षात आली तर एकदा दुरुस्त करून पुढे जाणे चांगलेच, पण प्रत्येक वाक्याला मागे वळणे ओघाचे गुण खाते.

आपल्या चुका शोधायचा सोपा मार्ग मोबाइलचा रेकॉर्डर आहे. रोज एका विषयावर दोन मिनिटे बोलून रेकॉर्ड करावे, ते ऐकावे, आणि आठवड्यातून एकदा तरी जसेच्या तसे, अडखळण्यांसह कागदावर उतरवावे. स्वतःचा आवाज ऐकणे सुरुवातीला नकोसे वाटते. पण कागदावर उतरलेले ‘बेसिकली’, ‘ॲक्च्युअली’ आणि मध्येच आलेले ‘म्हणजे’ मोजले की क्लासमध्ये कोणी न सांगितलेली गोष्ट दिसते. विचाराला वेळ हवा असेल तर ‘लेट मी थिंक’ म्हणून एक श्वास घ्यावा. शांततेचा एक क्षण चालतो.

ओघ वाढवण्यासाठी ‘चार-तीन-दोन’ ही पद्धत उपयोगी आहे. न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांच्या लेखनामुळे ती शिक्षकांना माहीत झाली. एकच गोष्ट एका श्रोत्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन मिनिटांत आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायची. मजकूर तोच असल्याने काय बोलावे ही चिंता उरत नाही, दर वेळी शब्द जलद सापडू लागतात. त्याला तीन मित्र लागतात, क्लास लागत नाही. विद्यापीठाच्या परिसरात किंवा हिमायतबागेत सकाळी फिरताना तिघा-चौघांनी हे केले तरी पुरे. त्यांपैकी कोणाचेही इंग्रजी उत्तम नसले तरी सराव वाया जात नाही, कारण कमतरता ज्ञानापेक्षा वापराची आहे. शहरात औरंगपुरा, उस्मानपुरा, कॅनॉट या भागांत क्लासच्या पाट्या दिसतात. क्लास लावायचा असेल तर एकच चौकशी करावी: प्रत्येक मुलाला आठवड्यात किती मिनिटे स्वतः बोलायला मिळते? साठ मुलांच्या वर्गात शिक्षक बोलतो आणि मुले टिपणे काढतात. त्याने बोलण्याचा बँड हलत नाही.

ऐकण्यासाठी बातम्यांइतकाच उपयोग वेरूळ-अजिंठ्याच्या परवानाधारक गाईडांचा होतो. जगभरातून आलेल्या पर्यटकांना समजेल असे इंग्रजी ते रोज बोलतात. वाक्ये छोटी, वेग मध्यम, महत्त्वाच्या शब्दावर ठाम जोर. त्यांतले अनेक जण इथल्याच शाळांत शिकलेले आहेत. परीक्षेला ‘ओघ’ म्हणून जे हवे असते त्याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही.

आयईएलटीएसखेरीज इतर परीक्षांत बोलण्याचा भाग वेगळा आहे. पीटीई ॲकॅडेमिक ही पिअर्सनची परीक्षा २००९ मध्ये आली. तीत मायक्रोफोनमध्ये बोलायचे असते आणि गुण मुख्यतः संगणक देतो. उतारा मोठ्याने वाचणे, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणणे, आलेखाचे चाळीस सेकंदांत वर्णन करणे असे प्रश्न येतात. बोलताना तीन सेकंद गप्प राहिले की ध्वनिमुद्रण बंद होते, म्हणून तिथे चूक दुरुस्त करण्यापेक्षा न थांबणे महत्त्वाचे. शेजारच्या खुर्च्यांवरचे उमेदवारही त्याच वेळी बोलत असतात, तेव्हा सराव अधूनमधून गोंगाटात करावा. टोफेलमध्येही संगणकाशीच बोलावे लागते. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांच्यासाठी ओईटी आहे. तीत प्रत्येकी पाच मिनिटांचे दोन प्रसंग असतात आणि परीक्षा घेणारी व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक होऊन बोलते. घाटी रुग्णालयात रोज घाबरलेल्या नातेवाइकांना मराठीत धीर देणाऱ्या नर्सला हे काम नवीन नसते. तिने तेच संवाद इंग्रजीत बोलून पाहावेत, विशेषतः समजुतीचे आणि सहानुभूतीचे शब्द, कारण ओईटीत त्यांनाही गुण आहेत.

परीक्षेच्या दिवशी ओळखपत्र म्हणून मूळ पासपोर्ट लागतो. आयईएलटीएसची बोलण्याची वेळ कधी त्याच दिवशी असते, कधी इतर भागांच्या आधी किंवा नंतर. बाहेरगावचे केंद्र मिळाल्यास आदल्या रात्रीच पोहोचावे, रात्रीच्या बसमधून उतरून थेट परीक्षेला बसू नये. आत जाण्यापूर्वीचा अर्धा तास कोणाशी तरी इंग्रजीतच गप्पा माराव्यात, म्हणजे पहिल्या प्रश्नाला जीभ जड होत नाही. प्रश्न कळला नाही तर तो पुन्हा विचारायला सांगता येते, त्याने गुण जात नाहीत. न कळता भलतेच उत्तर देण्याने मात्र जातात.

आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षे वैध राहतो. बँड अपेक्षेपेक्षा कमी आला तर सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते. तेव्हा दुसरा परीक्षक ध्वनिमुद्रण ऐकून पुन्हा गुण देतो, आणि गुण वाढले तर भरलेली फी परत मिळते. संगणकावर परीक्षा दिलेल्यांना ६० दिवसांत फक्त बोलण्याचा भाग पुन्हा देण्याची सोयही आहे. मात्र अशा पद्धतीने मिळालेला निकाल प्रत्येक विद्यापीठ किंवा व्हिसा कार्यालय मान्य करत नाही, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी संबंधित संस्थेकडून तसे लेखी विचारून घ्यावे.